बेअरिंगखालचं नाव

चपराशी दोनदा येऊन गेला. साहेबांनी बोलावलंय, ताबडतोब या, म्हणे. येतो म्हटलं ना. पळून चाललोय का मी? बावीस वर्षं यंत्रांच्या पोटात हात घालतोय, आजवर कुणी ताबडतोब म्हटलं की जेवणाच्या ताटावरून उठून धावलो. आज जरा बसणार आहे. आधी झालं ते सगळं एकदा नीट सांगून टाकतो, म्हणजे साहेबांपुढं बोलताना पाय मागं सरायचा नाही.

मी ज्योतीराम मिस्त्री. पिंपरीच्या पुढं, रेल्वेच्या रुळांपलीकडं आमचा पंपांचा कारखाना आहे. तिथली यंत्रं बिघडली की दुरुस्त करायची आणि बिघडू नयेत म्हणून राखायची, हे माझं काम. जोडीला दुसरं काम, उमेदवारीची पोरं तयार करायची. कारखान्याला जागा लागली तेव्हा आसपासच्या गावांतली शेतं गेली. ज्याची जमीन गेली त्या घरातला एक पोरगा कंपनी तीन वर्षं उमेदवार म्हणून घेणार, परीक्षा पास झाला की कायमचा करणार, असं ठरलं होतं. एका घराला एकच जागा. कासारवाडीच्या चिमाजीच्या घरातून भैरू आला तो असा. आमचं हवेचं यंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, ज्या खोलीत आहे ना, ती खोली त्यांच्या विहिरीच्या काठावरच उभी आहे. विहीर बुजवली. पहिल्या दिवशी भैरू मला म्हणाला, हितं आमची मोट चालायची. मी म्हटलं, आता इथं माझं तोंड चालेल, ते ऐक.

माझं तोंड वाईटच. पोरांना मी पहिले तीन महिने कानस धरू देत नाही, पान्याला हात लावू देत नाही. नुसती झाकणं. तेलाच्या डब्याचं झाकण उघडायच्या आधी वरची धूळ पुसायची. लावायच्या आधी बॅटरी मारून आत तळापर्यंत बघायचं. बघितल्यावरच रजिस्टरात सही करायची. न बघता झाकण लावलं की माझा हात उठायचा. पोरं मागून मला 'झाकण मिस्त्री' म्हणायची, मला ठाऊक होतं. म्हणेनात का. मंजुळाबाई, माझी बायको, तीसुद्धा घरी डब्याचं झाकण लावताना म्हणायची, बघा हो, आत बघून लावलंय, सही कुठं करू?

भैरूवर माझा हात एकदाच उठला, तोही पहिल्या महिन्यात. नंतर कधी वेळ आली नाही. असा पोरगा मी पाहिला नव्हता. बेअरिंगला निळा रंग लावून, दांडा कुठं टेकतो ते बघून, तेवढंच घासून दांडा बसवायचं काम आहे, ते शिकायला मला स्वतःला पाच वर्षं लागली. याला दीड वर्षात हात बसला. वर तोंडात शब्द नाही, मिस्त्री म्हणतील ते. पुढं मला ते फार महागात पडणार होतं, पण तेव्हा आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आता ते बेअरिंग कसं असतं तेवढं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. यंत्राचा दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग. त्याच्या आत पांढऱ्या धातूचं अस्तर असतं, आणि खाली तेलाचा डबा. दांड्यावर एक पितळी कडं सैल लोंबकळत असतं. दांडा फिरला की कडं फिरतं, खाली तेलात बुडतं, आणि तेल वर आणतं. कडं अडकलं की तेल बंद, आणि तेल बंद झालं की अस्तर वितळतं. वरती छोटं झाकण असतं, ते उघडून कडं फिरतंय ना हे बघायचं. सारं त्या झाकणावर आणि कड्यावर आहे. म्हणून माझा एवढा जाच.

सत्तावन्न सालची खंडेनवमी. भैरूच्या उमेदवारीचे पाच महिने उरले होते. सकाळी त्यानं कॉम्प्रेसर बंद करून धुतला, दोन्ही बेअरिंगांचं तेल काढून नवं भरलं, बॅटरी मारून बघितलं, झाकणं लावली, अकरा वाजता रजिस्टरात सही केली. मी उभा होतो तिथं. चोख काम.

दोन वाजता पूजा. मी शिकलो मुंबईच्या गिरणीत, तिथं माझ्या वस्तादाची एक रीत होती. तो म्हणायचा, पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग, फिरतं ते दैवत, त्याला लावा. तेव्हापासून मीही दर खंडेनवमीला झाकण उघडून करंगळीशेजारच्या बोटानं आतल्या कड्याला कुंकू लावतो. त्या दिवशीही भिंतीकडच्या बेअरिंगचं झाकण उघडलं, कुंकू लावलं, आणि तेवढ्यात ओरड झाली, साहेब आले, साहेब आले, नारळ कुठाय. नारळ माझ्यापाशीच होता. मी गेलो. झाकण उघडंच राहिलं.

आरती झाली. सगळ्यांनी अक्षता उडवल्या, कुणी झेंडूचा हार तोडून फुलं उधळली. सगळा कॉम्प्रेसर पिवळा झाला. पेढा वाटला. माझ्या डाव्या हातात पेढा होता आणि नजर गेली तर झाकण उघडं. भैरू शेजारी आरतीचं ताट घेऊन उभा होता. त्यानंही बघितलं. म्हणाला,

"मिस्त्री, आत कायतरी पडलंय. काढू का?"

आता खंडेनवमीला पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही, हे कुणाला सांगायला नको. दसऱ्याचं शिलंगण होईपर्यंत सगळं तसंच ठेवायचं. माझ्या बापानं कधी लावला नाही, वस्तादानं लावला नाही. आणि सगळ्यांसमोर हा पोरगा मला यंत्राच्या पोटात हात घालू का विचारतो. मी चिडलो. म्हटलं, "पूजा झाल्यावर हात लावतात का रे? एवढं शिकवलं नाही घरी?" आणि उजव्या हातानं झाकण लावून टाकलं. आत न बघता. मी, झाकण मिस्त्रीनं.

तो हळूच म्हणाला, मग चालू करायच्या आधी बघू. मी म्हटलं, बघू.

दसऱ्याची सुट्टी झाली. घरोघर सोनं वाटलं, साहेबांच्या बंगल्यावर जाऊन आलो. तिथं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की, येत्या जूनपासून कंपनी उमेदवारांची स्वतःची शाळा काढणार, एका वेळी तीस पोरं, आणि त्यांचा वस्ताद ज्योतीराम. कंपनीचं दोन खोल्यांचं क्वार्टरही मिळेल. चौथी शिकलेला माणूस मी. माझ्या नावामागं लोक मास्तर म्हणतील, या विचारानं त्या रात्री मला झोप लागली नाही. झाकणाचं सगळं डोक्यातून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरूला मी भट्टीकडची यारी, म्हणजे वजन उचलायचं यंत्र, अडली होती तिकडं पाठवलं आणि कॉम्प्रेसर स्वतः चालू केला. झाकण उघडून बघितलं, कडं फिरत होतं. बॅटरी खाली मारली नाही. चाळीस मिनिटांनी वास आला. मी धावत जाईपर्यंत पट्टा किंचाळत होता आणि दांडा जागच्या जागी आवळला होता. अस्तर वितळून खाली ओघळलं होतं. उघडलं तर तळाशी करपलेल्या अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, आणि हाराचा हातभर दोरा कड्याला गुंडाळलेला.

नऊ दिवस कारखाना हवेविना बसला. भैरू आणि मी दिवसाला चौदा चौदा तास काम करून नवं अस्तर ओतलं, घासलं, दांडा बसवला. त्या नऊ दिवसांत तो एकदाही त्या दुपारबद्दल बोलला नाही. मला वाटायचं, बोल की रे बाबा, भांड माझ्याशी. तो नुसतं निळं लावायचा आणि घासायचा.

मग चौकशी. साहेबांच्या खोलीत टेबलावर रजिस्टर उघडं. आमचे मॅनेजर साहेब पुण्याचे, आवाज चढवणारा माणूस नाही. त्यांनी मला विचारलं, डब्यात अक्षता गेल्या म्हणजे पूजेच्या वेळी झाकण उघडं होतं. कसं काय?

सगळं एका वाक्याचं काम होतं. साहेब, मी उघडलं, मी न बघता लावलं. पण डोळ्यांपुढं क्वार्टर आलं, तीस पोरं आली, मास्तर आला. मी म्हटलं, "रजिस्टरात सही भैरूची आहे, साहेब."

खोटं काय होतं त्यात? सही त्याचीच होती. असं मी नंतर स्वतःला शंभर वेळा सांगितलं.

साहेबांनी भैरूला विचारलं. तो म्हणाला, मी आत बघून बंद केलं व्हतं, मग सही केली. साहेब म्हणाले, मग उघडलं कुणी? भैरूनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. कामावर अडलं की तो माझ्याकडं बघायचा, मिस्त्री आता सांगतील म्हणून, अगदी तसंच. मी रजिस्टराकडं बघत राहिलो. मग तो मान खाली घालून म्हणाला, तेवढं मला इचारू नका. साहेबांनी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि पटकन रजिस्टर मिटलं. संध्याकाळी भैरूला काढल्याचा कागद लागला. करून गेलं गाव आणि कांदळकराचं नाव, म्हणतात ना, ते इथं मी केलं.

दिवाळीच्या आधी त्याची आई आली, सरूबाई. चिंचवडला आमच्या भाड्याच्या खोलीत, पदरात ओल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन. उंबऱ्यापाशीच बसली. भांडायला आली असेल म्हणून मी छाती कडक करून बसलो होतो. ती भांडली नाही. म्हणाली, पोरगं जेवत न्हाई. जमीन गेली त्याच्या बदल्यात ही एवढी जागा व्हती, ती गेली तर आमी काय दाखवायचं लोकास्नी? तुमी त्याचे गुरू. त्याला इचारलं, तुजं चुकलं का, तर म्हनतो, मिस्त्री सांगतील.

"मिस्त्री सांगतील, एवढंच म्हनतो बगा. तवा म्हनलं, आपनच जाऊन इचारावं."

मी म्हटलं, बघतो, साहेबांच्या कानावर घालतो. ती हात जोडून गेली. मंजुळाबाईनं शेंगा तशाच ठेवल्या. म्हणाली, त्या बाईच्या नजरेला नजर का दिली नाहीत? मी ताट भिरकावलं. त्या शेंगा आम्ही दोघांनीही खाल्ल्या नाहीत. शेवटी शेजाऱ्यांच्या पोरांना दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडं गेलो, खरं सांगायचं म्हणूनच गेलो, देवाशपथ. आत पाऊल टाकलं आणि साहेबांनी शाळेच्या नेमणुकीचा कागद पुढं केला. म्हणाले, ज्योतीराम, त्या प्रकरणाबद्दल काही बोलायचं असेल तर बोलू नका, ते संपलं. मी कागद घेतला. बाहेर आल्यावर घड्या किती घातल्या त्या कागदाच्या, हातातल्या हातात चिंधी झाली त्याची. पण फाडला नाही.

शाळेची शेड उन्हाळ्यात उभी राहिली. पंधरा बाकं, प्रत्येकावर दोन शेगडे, म्हणजे काम पकडायचे लोखंडी पकडे. भिंतीवर साहेबांनी एक फळी लावून घेतली. त्या फळीवर ते जळकं बेअरिंग बसवलंय, आणि खाली पत्र्याची पाटी. 'निष्काळजीपणाचा परिणाम. उमेदवार भैरू चिमाजी, ऑक्टोबर १९५७.' पोरांना डोळ्यांसमोर उदाहरण पाहिजे, असं साहेबांचं म्हणणं. चार स्क्रू लावून ती पाटी मीच बसवली. तिसऱ्या स्क्रूला माझा हात घसरून तळव्यात स्क्रू ड्रायव्हर घुसला, ती खूण अजून आहे. तरी चौथा लावलाच.

मे महिन्यात पोरांची निवड सुरू झाली. साहेब, मी आणि एक कारकून. अर्जांमध्ये एक अर्ज आला, गेनू चिमाजी, कासारवाडी. भैरूचा धाकटा. बाहेर उभा होता, भावासारखाच, हात मागं बांधून. कारकून म्हणाला, त्या घराची जागा थोरल्या भावानं घालवली. साहेब म्हणाले, त्या बेअरिंगवाल्याचा भाऊ ना? नको, एकाच घरात दोनदा कशाला. आणि अर्ज बाजूला ठेवला.

का कोण जाणे, तिथं मात्र माझ्यानं गप्प बसवेना. कारकून जेवायला गेल्यावर मी दार लोटलं आणि सगळं बोललो. वस्तादाची रीत, कुंकू, पेढा, भैरूचं काढू का, माझं न बघता लावलेलं झाकण. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले,

"मला माहीत आहे, ज्योतीराम. मी समोरच उभा होतो. तुम्ही झाकण लावलंत ते मी पाहिलं."

मी म्हटलं, मग तुम्ही त्याला काढलंत कसं?

"शिकाऊ पोरं शंभर मिळतात. तुमच्यासारखा शिकवणारा मला इथं दुसरा मिळायचा नाही. दोघांतल्या कुणाला काढायला हवं होतं, तुम्हीच सांगा."

मला वाटलं होतं, ओरडतील, हाकलतील. त्याची तयारी केली होती मी. पण हे ऐकून मला माझीच किळस आली. इतके महिने मी एकटा चोर आहे म्हणून झुरत होतो, आणि इथं चोरीचा पंचनामा आधीच झालेला, माझी किंमत ठरवून मला ठेवलेलं. साहेब पुढं म्हणाले, तुमच्या मनाला बरं वाटत असेल तर धाकट्याला घ्या. पाटी मात्र राहील. वरती मी तसं लिहून कळवलंय. आता ती बदलली तर तुम्हीही जाल, मीही जाईन, शाळाही राहील की नाही देव जाणे. तेव्हा झाकण लावा आता यावर.

झाकण लावा म्हणाले. मला.

गेनूचं नाव मी यादीत घातलं. आणि पुढच्या रविवारी सांगवीला गेलो. भैरू तिथं मुळेच्या काठी एका बागाईतदाराकडं तेलाच्या इंजिनावर होता, नदीचं पाणी ओढायच्या. लांबूनच आवाज ऐकला आणि ओळखलं, हे माझ्या पोराचं इंजिन. एका लयीत चाललं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर डब्यांची झाकणं लख्ख, आणि शेजारी खुंटीला स्वच्छ फडकं आणि बॅटरी. तो उठला, माझ्या पाया पडायला वाकला. मी दोन पावलं मागं सरलो.

त्याला सगळं सांगितलं. साहेबांनाही माहीत होतं हेही सांगितलं. म्हटलं, तू म्हणशील ते करतो. उद्या लेखी देतो. तो काठावर टेकला. मग म्हणाला, गेनूला शिकू द्या. माझं काय, माझं पोट चाललंय. मी म्हटलं, आणि पाटी? तिथं तुझं नाव आहे, रोज तुझा भाऊ वाचणार ते. तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज हलला.

"माजी सही खरी व्हती, मिस्त्री. तेवढं कुनी म्हनलं न्हाई. तुमी बी न्हाई."

मला नोकरी द्या असं तो म्हणाला नाही, माफ करतो असंही म्हणाला नाही. इंजिनात तेल घालायला उठला. झाकण उघडायच्या आधी त्यानं धूळ पुसली. मी तिथून निघालो, आणि औंधच्या पुलापर्यंत मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता. पन्नाशीला आलेला माणूस रस्त्यानं रडत चाललाय, लोक बघत होते. बघेनात का.

शाळा सुरू होऊन आज आठवडा झाला. पहिले सहा दिवस मी पोरांकडून शेड झाडून घेतली, हत्यारांची नावं शिकवली, काहीबाही करून झाकणाचा धडा लांबवला. आज लांबवायला काही उरलं नाही. शिकवायला एक जुनं बेअरिंग बाकावर ठेवलंय. त्याच्या डब्यात मी मुद्दाम मूठभर लोखंडाचा कीस टाकून ठेवला होता, झाकण उघडं ठेवून. बघावं पोरं काय करतात. तीस पोरं कोंडाळं करून उभी राहिली. मी म्हटलं, झाकण लाव रे कुणीतरी. दोघं पुढं आले आणि टपाटप लावून मोकळे झाले. मी उघडायचो, ते लावायचे. मग गेनूची पाळी आली. आत्तापर्यंत तो त्या फळीकडं पाठ करून उभा होता. पहिल्या दिवशी एकदा बघितलं असेल तेवढंच.

मी म्हटलं, लाव. तो लावीना. फडक्यानं कड पुसली आणि बॅटरी मागू लागला. मी जरा आवाज चढवून म्हटलं, लाव म्हणतो ना मी, बघायचं काही नाही. आवाज माझा नेहमीचाच, पण माझ्याच कानाला तो त्या दुपारचा वाटला. गेनू माझ्याकडं न बघता म्हणाला,

"न्हाई. दादानं सांगितलंय, आदी आत बगायचं. मिस्त्री न्हाई म्हनलं तरी बगायचं."

पोरं चपापली. मला कुणी असं तोंडावर बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. मागून कुणीतरी खुसखुसत फळीकडं बोट दाखवून म्हणालं, दादा म्हणजे तो, तिथं लिहिलाय तो निष्काळजी. गेनूचे कान लाल झाले. पण तो हलला नाही. बॅटरी घेऊन आत बघितलं, दोन बोटांनी तो कीस काढून माझ्यापुढं बाकावर ठेवला. मग झाकण लावलं आणि उभा राहिला.

भैरूला मी अडीच वर्षं शिकवलं, मिस्त्री म्हणतील ते. आणि त्यानं भावाला शिकवलं, मिस्त्री म्हणाले तरी नाही. माझ्यापेक्षा बरा वस्ताद तो आहे. मला ते साऱ्या पोरांसमोर म्हणावंसं वाटलं, आणि मी म्हटलं. त्या खुसखुसणाऱ्याला पुढं बोलावलं. म्हटलं, ती पाटी मोठ्यानं वाच. त्यानं वाचली. मी म्हटलं, खोटी आहे. भैरूनं आत बघून झाकण लावलं होतं. ते उघडलं मी, आणि न बघता लावलं तेही मी. तो काढू का म्हणाला होता, मीच त्याला गप्प केलं. आणि चौकशीत मी तोंड उघडलं नाही.

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पाटीचे चारही स्क्रू काढले. हात घसरला नाही. बेअरिंग तसंच राहू दिलं, ते माझ्या धड्याला लागेल. पाटी गेनूच्या हातात दिली. म्हटलं, संध्याकाळी सांगवीला जा, दादाला दे, आणि सांग, सही खरी होती असं मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाले. त्यानं पाटी शर्टात घातली. रडला नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. ते बरोबरच आहे.

मग कुणीतरी ऑफिसात सांगितलं असणार. चपराशी आला, अर्ध्या तासानं पुन्हा आला. म्हणतो, साहेब पाटीसह या म्हणालेत. पाटी मिळायची नाही. ते नाव एकदा भिंतीवरून उतरलं ते उतरलं. मी मधल्या वेळात जुनं रजिस्टर काढलंय. खंडेनवमीच्या पानावर भैरूच्या सहीखाली जागा होती. तिथं लिहिलं, दुपारी दोननंतर झाकण उघडलं व आत न बघता लावलं, ज्योतीराम. ते बगलेत घेऊन जाणार आहे. साहेब काढतील मला, काढायलाच पाहिजे, आणि क्वार्टरही जाईल. मंजुळाबाई कालच क्वार्टरात चूल कुठं मांडायची याचा विचार करत होती, तिला काय सांगायचं ते माहीत नाही. गेनूचं काय करतील, याचीच भीती वाटते. ती एकच.

हा पाहा, तिसऱ्यांदा आला चपराशी. चल बाबा. जाता जाता पोरांना सांगून ठेवलंय, मी परत आलो नाही तर उद्या झाकणं गेनू शिकवील.